पुढच्या खोलीतला पाळणा

पद्मा सांगलीहून, माहेराहून, चार महिन्यांची लेक आणि माहेरचा शिसवी पाळणा घेऊन साताऱ्याला परतली. पाळणा टांगायला कड्या होत्या त्या एकट्या पुढच्या खोलीत. माजघराची तुळई वाळवीनं खाल्लेली, आणि घरमालक म्हणाला, "दिवाळीनंतर बघू." मग पाळणा तिच्या नवऱ्याच्या, विष्णुपंतांच्या, वकिलीच्या खोलीतच लागला.

भाडं महिना अठरा रुपये. त्यातलं निम्मं कचेरीचा खर्च म्हणून मिळकतीतून वजा करावं, असं विष्णुपंतांनी इन्कमटॅक्सच्या कागदांत मागितलं होतं. पुढची खोली फक्त कामासाठी आहे, असंही लिहून दिलं होतं. अर्थात पाळणा येण्याआधी. तिथल्या साहेबांना ते पटेना. इन्स्पेक्टर मंगळवारी खोली बघून जाईल, असं पत्र आलं.

मंगळवारी विष्णुपंत अगदी घायकुतीला आले.

"अगं, तासाभरापुरता तरी काढ तो पाळणा!"

"रात्रभर पोट दुखत होतं तिचं. आत्ता कुठं डोळा लागलाय. मी नाही उठवायची."

"मी लिहून दिलेलं खोटं पडेल, त्याचं काय?"

एवढ्यात इन्स्पेक्टर दारात उभे. समोर रहिमतपूरचे नाथाजी, विष्णुपंतांचे जुने पक्षकार, मांडीवर दाव्याचे कागद घेऊन बसलेले, आणि एका हातानं पाळण्याची दोरी ओढताहेत.

"वकीलसाहेब, ही कचेरी की बाळंतिणीची खोली?"

"आवं, कचेरीच हाय की," नाथाजीच म्हणाले. "वकीलसाहेब कागद वाचत्यात, तवर आमी झोका देतो. पोरगी लय गुणाची. कोर्टापरीस लवकर झोपती."

इन्स्पेक्टरांना हसू आलं, पण हातातली वही उघडीच होती. "पाळणा रोज असतो इथं?"

विष्णुपंतांची मान खाली गेलेली पद्माला माजघराच्या दारातून दिसली. तरी ती म्हणाली, "रोज असतो. सांगलीहून आल्यापासून. त्याआधी मात्र इथं वह्या आणि पक्षकार, दुसरं काही नव्हतं."

"कधी आलात?"

"श्रावणात."

इन्स्पेक्टरांनी ते लिहून घेतलं.

महिन्यानं हुकूम आला. श्रावणापर्यंतचं निम्मं भाडं मान्य, पुढच्या महिन्यांचं फक्त एक तृतीयांश.

"म्हणजे नवाचे सहा झाले," विष्णुपंत म्हणाले. "महिन्याला तीन रुपये घालवलेस तू."

"घालवले कुठं? आपली पोर तेवढ्या जागेत राहतेच ना!"

विष्णुपंतांनी हुकूम पुन्हा वाचला. मग दौत ओढून घेतली आणि पुढल्या सालाच्या कागदात एक तृतीयांशच लिहिलं.