गोठ्याची बाजू

"ही चुलीवरची तुळई," दत्तोबा म्हणाला आणि लाकडाला नाक लावून त्याने पुन्हा एकदा खात्री करून घेतली. "हिला धुराचा वास हाय. हिला दोन खाचा कर."

बजरंग सुताराने पटाशीने दोन खाचा पाडल्या. उतरवलेलं घर अंगणभर पसरलं होतं. मेढी, तुळया, वासे, दाराची चौकट, सगळं सुटं सुटं. ते पाहून डोळस माणसं गोंधळत होती आणि एक आंधळा म्हातारा हाताने चाचपून कोणतं लाकूड कुठलं ते सांगत होता. बजरंगला आधी याची गंमत वाटली, मग थोडी शरम वाटली. दुपारपर्यंत त्याने मुकाट्याने सगळ्या लाकडांवर खुणा करून टाकल्या.

दत्तोबाचे डोळे देवीच्या साथीत गेले त्याला बावीस वर्षं झाली होती. त्यानंतर बाहेर पडायचं तर त्याला कोणाचा तरी खांदा लागे, पण घरात काठीसुद्धा लागत नसे. पश्चिमेच्या भिंतीशी त्याचं अंथरूण होतं. तिथून दाराकडे चार पावलं टाकली की मधली मेढ, आढं पेलणारा खांब. मेढीशी डावीकडे वळलं की सहा पावलांवर गोठ्याची गव्हाण, उजवीकडे वळलं की सहा पावलांवर चूल. मावळात माणसं आणि गुरं एकाच छपराखाली राहतात, त्यामुळे हे सगळं त्याच्या हाताशी होतं. रात्री त्याची सून लीलाबाई उशाशी पेंढ्याच्या दोन पेंड्या ठेवी. पहाटे घर झोपलेलं असताना तो उठे, पेंड्या कवेत घेई, गोठ्यात जाई, दोन्ही बैलांना वैरण घाली आणि त्यांच्याशी दोन शब्द बोले. हे काम त्याने बावीस वर्षांत एक दिवसही चुकवलं नव्हतं. त्याच्या वाट्याला तेवढंच एक काम उरलं होतं आणि त्याच्या जोरावर तो घरात बापासारखा बोलत असे.

एकोणीसशे वीस सालचा उन्हाळा होता. खाली नदीवर धरण बांधून होत आलं होतं आणि येत्या पावसाळ्यात गाव पाण्याखाली जाणार, अशी दवंडी फिरली होती. लोक रडले, भांडले, शेवटी घरं उतरवू लागले. दत्तोबा ना रडला ना भांडला. त्याने मुलाला एवढंच सांगितलं, "महिपती, घर हाय तसंच हुबं कर. मंग मी कुटंबी येतो." महिपतीने तिथल्या तिथे शब्द दिला. त्याला तो शब्द अगदी सोपा वाटला. लाकूड तेच, सुतार गावातलाच आणि खुणा खुद्द आबांनी सांगितलेल्या. बिघडायला जागाच कुठे होती?

नवी जागा मळवली स्टेशनाच्या अलीकडे, सडकेला लागून होती. महिपती आठवडाभर गाडीत लाकूड घालून खेपा मारत होता. बाकीची मंडळी शेजारच्या कोंडाजीच्या घरात मुक्कामाला होती, कारण कोंडाजीचं घर सगळ्यांत शेवटी उतरवायचं होतं. कोंडाजी दत्तोबाच्याच वयाचा, लहानपणापासूनचा सोबती. संध्याकाळी महिपती परतला की दोघे म्हातारे त्याला समोर बसवून उलटतपासणी घेत. विहीर किती लांब? सावलीला झाड कोणतं? शेजारी कोण? मसणवट कुठल्या अंगाला? महिपती थकून जाई. शेवटी एके दिवशी तो म्हणाला की आबा, तुम्हीच चला आणि बघून घ्या. "बघून" हा शब्द तोंडातून गेल्यावर त्याने जीभ चावली, पण म्हातारा हसत उठला आणि गाडीत बसला.

तो दिवस महिपतीला पुढे फार आठवायचा. दत्तोबा त्याच्या खांद्यावर हात ठेवून सगळा शेजार पालथा घालत होता. विहीर ब्याऐंशी पावलं. वाटेत करंजाचं झाड, त्याच्या बुंध्याला त्याने कव घालून पाहिली. पुढे कुणा मुंबईवाल्याच्या बंगल्याच्या कुंपणाची तार होती, ती त्याने बोटाने वाजवून पाहिली. विहिरीवर रतनबाई भेटली. ती शेजारची विधवा. चार म्हशी पाळून लोणावळ्याच्या बंगल्यांना दूध घालायची. दत्तोबाने तिला आगगाडीच्या आवाजाचं विचारलं. "पयले चार दिस झोप लागत न्हाई बगा," ती म्हणाली. "मंग गाडी आली न्हाई तरच जाग येती." दत्तोबाला हे फार आवडलं. त्याने ते परत जाताना दोनदा बोलून दाखवलं आणि वर म्हणाला, "हितं गमंल मला."

जागेवर बजरंगने खुंट्या ठोकून सुतळी ताणली होती. दत्तोबा सुतळीला पाय लावून चारी बाजूंनी चालला. मागल्या भिंतीपासून चार पावलं टाकली तेव्हा त्याची काठी मधल्या मेढीच्या खड्ड्यात गेली आणि म्हाताऱ्याच्या तोंडावर लहान पोरासारखा आनंद पसरला. "तंतोतंत हाय," तो म्हणाला.

मग बजरंगने कळशी उचलली. गोठ्याची बाजू ठरवण्याआधी जमिनीवर पाणी ओतून पाहायचं, ही त्याच्या धंद्याची रीत. पाणी ज्या अंगाला जाईल तिकडे गोठा, म्हणजे गुरांचं मूत आणि धुणंपाणी घरातून बाहेर निघून जातं आणि चूल वरच्या अंगाला कोरडी राहते. जुन्या घरी उतार उत्तरेला होता. बजरंगने कळशी उपडी केली. पाणी क्षणभर मातीत घुटमळलं आणि सरळ दक्षिणेला धावत गेलं.

बजरंगने महिपतीकडे पाहिलं. महिपती पाण्याकडे पाहत राहिला.

"गेलं का पानी?" दत्तोबाने विचारलं.

"गेलं," महिपती म्हणाला.

"मंग झालं तर."

म्हाताऱ्याला गाडीत बसवून महिपती बजरंगकडे परत आला. गोठा उत्तरेलाच घाल म्हणून त्याने परोपरीने विनवलं. बजरंगला दत्तोबाबद्दल माया नव्हती असं नाही, पण उतार काही मायेने बदलत नाही. "गोठा वर घातला तर मुताचा लोट चुलीत यील," तो म्हणाला. "उतार फिरवायचा तर कमरंइतका भराव पायजे. आन मिरग तर तोंडावर आलाय." महिपतीने मान हलवली. मनाशी म्हणाला, सगळं तेच आहे, नुसती बाजू बदलली, चार दिवसांत आबांना सवय होईल. डोळे असलेल्या माणसाला असंच वाटणार. पण त्या संध्याकाळी दत्तोबाने विचारलं, "डाव्या हाताला गोठा ना?" आणि महिपतीने "व्हय आबा" म्हणून सांगितलं. खरं सांगायला त्याची जीभ रेटली नाही. पुढचे वीस दिवस त्याने ते खोटं रोज संध्याकाळी पुन्हा सांगितलं.

मृगाच्या आधी तीन दिवस मंडळी नव्या घरात आली. दत्तोबाने चौकटीवरून हात फिरवला, चौकट ओळखली, आत शिरला आणि थेट मधल्या मेढीशी जाऊन तिला पाठ टेकून दाराकडे तोंड करून बसला. लीलाबाईने गूळपाणी दिलं. ते प्यायला म्हणून त्याने भांडं उचललं आणि तसंच धरून ठेवलं.

"महिपती, बैल उजव्या अंगाला का फुरफुरतोय?"

महिपतीने बायकोकडे पाहिलं. शेवटी लीलाबाईच म्हणाली, "मामंजी, हितं उतार तिकडं हाय."

म्हातारा रागावला असता, शिव्या घातल्या असत्या, तर महिपतीला सोसलं असतं. पण तो म्हणाला, "पानी खालीच जानार. त्याला कोन काय करनार." मग त्याने पाणी पिऊन भांडं खाली ठेवलं.

महिपतीने त्याला अंथरुणापासून मेढीपर्यंत आणि मेढीपासून गव्हाणीपर्यंत वीस वेळा चालवलं. दिवसा जमे. दत्तोबा मेढीशी थांबे, मनाशी हिशेब करी आणि उजवीकडे वळे. पहाटेही जमू लागलं. महिनाभर बैलांना वैरण वेळेवर मिळाली आणि महिपतीच्या जिवात जीव आला.

आषाढात पावसाची झड लागली आणि घरात गारठा शिरला. लीलाबाईने आपल्या दोन्ही लहान पोरांना चुलीजवळ झोपवायला सुरुवात केली. चुलीत राखेखाली विस्तव पुरलेला असायचा. एका पहाटे दत्तोबा उठला, पेंड्या कवेत घेतल्या, चार पावलं टाकली आणि डावीकडे वळला. बावीस वर्षांचे पाय, ते झोपेतच चालले. सहा पावलांवर वाकून त्याने वैरण घातली. गव्हाण का लागत नाही म्हणून तो हाताने चाचपतो आहे तोवर पेंढा पेटला.

लीलाबाईला वेळेवर जाग आली म्हणून बरं. तिने पोरांना ओढलं, घागर ओतली. जळलं फारसं काही नाही. धाकट्याची गोधडी एका कोपऱ्याला करपली आणि दत्तोबाच्या तळहाताला फोड आले. म्हातारा भिंतीशी उभा राहून एकच विचारत होता, "पोरं हायती ना? दोगंबी हायती?" महिपतीने दोन्ही पोरांची डोकी त्याच्या हाताखाली दिली, तेव्हा कुठे तो खाली बसला.

त्या दिवसापासून उशाशी पेंड्या ठेवू नको, असं त्याने स्वतःच लीलाबाईला सांगितलं. तिने ठेवल्या, तर हात लावला नाही. महिपती म्हणाला, आपण दोरी बांधू, गव्हाणीपर्यंत दोरी धरून जा. म्हातारा नको म्हणाला. महिपतीने डोकं आपटून घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. घर मोडता येत नव्हतं, उतार फिरवता येत नव्हता आणि बापाचे पाय तर कोणालाच समजावता येत नव्हते. पहाटे बैल हंबरले की तो उठून वैरण घाली. म्हातारा जागा आहे हे त्याला कळे.

श्रावणात एके दिवशी लावणीच्या उरल्यासुरल्या कामावरून परतताना वाटेत महिपतीला कोंडाजी भेटला. कोंडाजीला जागा पवनेच्या बाजूला मिळाली होती. सोबत्याला भेटायला तो पहाटे निघून चालत आला होता. दोघे दाराशी आले. दत्तोबा मधल्या मेढीशी बसला होता, पण दाराकडे पाठ करून, तोंड मागल्या भिंतीला.

"दत्तोबा, मी कोंडाजी," तो उंबऱ्यात थबकून म्हणाला. "असा भिंतीकडं त्वांड करून का बसलास?"

दत्तोबाने आवाज ओळखला. त्याने भिंतीकडे तोंड ठेवूनच दोन्ही हात जोडून रामराम केला.

"असं बसलं म्हंजी चूल उजवीकडं येती आन बैल डावीकडं," तो म्हणाला. "समदं जागच्या जागी ऱ्हातं. नुस्तं दारच तेवडं मागं जातं. ये, बस."

कोंडाजीने महिपतीकडे पाहिलं. महिपतीने मान खाली घातली. कोंडाजीने उंबऱ्याशी पायताण काढलं, आत गेला आणि दत्तोबाच्या शेजारी त्याच भिंतीकडे तोंड करून बसला. मग गावात पाणी कुठवर चढलं ते तो सांगू लागला.