देवासमोरचं भांडण

बसचालकाचं आणि त्याच्या शिवणकाम करणाऱ्या बायकोचं वाजलं, की तो उठून आतल्या खोलीत प्रार्थनेला बसायचा. दोघंही मनापासून श्रद्धाळू. प्रार्थनेला बसलेल्या माणसाला हाक मारायची नाही, हे ती माहेराहूनच शिकून आली होती. तो डोळे उघडेपर्यंत तिचा राग निवायचा आणि भांडणाचं घोंगडं भिजत पडायचं.

पण आता त्याला उजवीकडचं दिसेनासं झालं होतं. जेवताना हात लागून पेला कलंडायचा, दाराची चौकट खांद्याला लागायची. तिने खोदून विचारल्यावर त्याने कबूल केलं. डेपोत सांगायला मात्र साफ नकार दिला.

"इतकी वर्षं देवानेच गाडी सांभाळली. पुढेही तोच बघेल."

"देव बघेल हो, पण गाडी तुम्ही चालवता!"

तो उठला, आत गेला, डोळे मिटून बसला.

ती क्षणभर उंबऱ्यात घुटमळली. मग आत जाऊन त्याच्या शेजारी बसली आणि हात जोडून मोठ्याने म्हणाली, "देवा, ह्यांना उजवीकडचं दिसत नाही. बसमध्ये लेकुरवाळ्या बाया असतात. काही झालं तर हे तुझ्या नावावर ढकलणार आहेत. चालेल तुला?"

"देवापुढे चुगली करतेस?" तो डोळे न उघडता गुरगुरला.

"चुगली पाठीमागे करतात. तुम्ही शेजारीच आहात."

मग तोही देवालाच म्हणाला, "हिला सांग, स्टिअरिंग सुटलं तर मी करू काय? दुसरं काही येत नाही मला. घरात बसून हिच्या मशीनला तेल घालू?"

तिने त्याच्या हातावर हात ठेवला, पण माघार घेतली नाही. "उद्या मी बरोबर येते. बस बाहेर काढायच्या आधी सांगायचं."

दोघं गेली. त्याने साहेबांना स्वतःच्या तोंडाने सांगितलं. साहेबांनी डोळे तपासायला पाठवलं. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही. उरलेली औषधाने टिकेल. स्टिअरिंग सुटलं ते सुटलंच. त्याला डेपोत सुटणाऱ्या बस पुकारायचं काम मिळालं.

कितीतरी दिवस तो तिच्याशी धड बोलला नाही. तो प्रार्थनेला बसला, की ती न चुकता शेजारी जाऊन बसायची. एका संध्याकाळी तोच मोठ्याने म्हणाला, "देवा, मी हिच्यावर चिडलोय."

"ऐकतेय," ती म्हणाली.

"तुला नाही सांगत."

"मग हळू बोला."

त्याला हसू फुटलं. तरी राग त्याने शेवटपर्यंत बोलून दाखवला, आणि तिने मध्ये न तोडता ऐकून घेतला.