चिमटा लावलेला डबा

“घरात तुला हवं ते कर, पोरी. पडदे बदल, भिंती रंगव, माझ्या कपबश्या फोडल्यास तरी मी वरून ओरडायला येणार नाही. फक्त सिरिलच्या डब्यांना हात लावू नकोस.”

ऑड्री हे बोलली तेव्हा हॉस्पिटलच्या खाटेवर उशांना टेकून बसली होती, आणि हेझलच्या मांडीवर दोन महिन्यांची टेस झोपली होती. सासूला जेमतेम पंधरा दिवस उरलेत हे दोघींनाही ठाऊक होतं. म्हणूनच असेल, हेझल जरा जास्तच हसली. “पुरुषांचं असतंच हो हत्यारांचं वेड. आमच्या बाबांचा एक पाना हरवला तर ते दोन दिवस कोणाशी बोलायचे नाहीत.”

ऑड्री हसली नाही. तिनं हेझलचं मनगट धरलं, काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात नर्स रक्तदाब घ्यायला आली आणि ते राहूनच गेलं.

पुढे हेझल आणि तिचा नवरा मार्टिन सासऱ्याच्या, सिरिलच्या, कॉव्हेंट्रीतल्या घरात राहायला आले. म्हाताऱ्याला सोबत आणि आपलं भाडं वाचेल, असा सरळ हिशेब. स्वयंपाकघरातून एक दार गॅरेजात उघडायचं. तिथे सिरिलची अठ्ठावन्न सालची ट्रायम्फ मोटार उभी होती, दोन माणसांची, उघड्या टपाची. उभी कसली, हाडं मोकळी करून ठेवलेली. सिरिल एकतीस वर्षं कॅनलीच्या कारखान्यात गाड्या जोडायच्या रांगेवर होता. ही गाडी त्यानं कधीतरी स्वतःच्याच हातानं जोडली असेल, असं तो म्हणायचा. निवृत्तीनंतर भंगारातून आणली आणि चार वर्षं लावून तिचा भाग न् भाग सुटा केला. आता ती उलट्या क्रमानं पुन्हा उभी राहत होती.

गॅरेजच्या दारापासून गाडीपर्यंत जमिनीवर डब्यांची एक लांब ओळ होती. साखरेच्या सिरपचे हिरवे-सोनेरी डबे, तंबाखूच्या चपट्या डब्या, बिस्किटांच्या डब्यांची झाकणं. प्रत्येकात थोडे नट, बोल्ट, वॉशर. एकावरही अक्षर लिहिलेलं नाही. फक्त कुठल्यातरी एका डब्याच्या काठाला कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा लावलेला असायचा. हेझलला वाटे, वाऱ्यानं कागद उडू नये म्हणून असेल. पण डब्यात कागद नव्हता, हे तिच्या कधी लक्षात आलं नाही.

“डॅड, कधी संपणार हो ही गाडी? टेसच्या लग्नाला?” चहा घेऊन गेली की ती विचारायची.

“टेसच्या नवऱ्याला सांगून ठेव, बसनं यायचं,” सिरिल गाडीखालूनच म्हणायचा. “आमच्या गाडीत जागा दोनच.”

त्यातली एक जागा ऑड्रीची होती. तिचं खुब्याचं हाड झिजलं आणि इतक्या ठेंगण्या गाडीत बसणं म्हणजे विहिरीत उतरण्यासारखं झालं, तेव्हा सिरिलनं तिची सीट दाराकडे फिरेल अशी करायला घेतली. घरच्या छोट्या लेथवर त्यानं तिचे खिळे, कड्या, बिजागऱ्या एकेक करून बनवल्या होत्या. ऑड्री गेल्यावरही त्यानं तो भाग सोडला नाही. हेझलनं एकदा भीत भीत विचारलं, “आता कोण बसणार, डॅड?”

“बसणारी नाही म्हणून सीट अर्धी ठेवायची?” तो म्हणाला, आणि पान्याला हात घातला.

टेस अकरा महिन्यांची झाली आणि रांगण्यात वाऱ्याला हरवू लागली. हेझल द्राक्षं चार-चार तुकडे करून भरवणारी आई. आंघोळीचं पाणी कोपरानं तीनदा तपासणारी, झोपलेल्या लेकीच्या नाकाशी बोट धरून श्वास लागतोय ना बघणारी. तरी एका सकाळी किटली उतरवायला ती वळली तेवढ्यात टेस गॅरेजच्या दारात पोचली होती. खोकल्याचा आवाज आला, मग आवाजच बंद झाला. हेझलनं पोरीला मांडीवर पालथं घातलं, पाठीवर थापा मारल्या. पितळी वॉशर लादीवर टणकन पडला तेव्हा टेसचे ओठ जांभळे झाले होते.

सिरिल दारात उभा होता. “मी दाराला कडी घालतो, पोरी. आत्ता घालतो.”

कडी लागली. पण हेझलचा त्या कडीवर भरवसा बसेना. रात्रभर तिच्या डोळ्यांपुढे ती ओळ होती, शंभर झाकणं, प्रत्येकात बाळाच्या घशाएवढे दाणे. शनिवारी सिरिल न्हाव्याकडे आणि तिथून जुन्या गाड्यांच्या क्लबच्या बैठकीला गेला. चार तास मिळणार होते. टेस झोपली आणि हेझलनं कडी काढली.

तिनं ग्रंथालयशास्त्र शिकलेलं होतं. पसारा लावणं हे तिचं शिक्षणच. टेसच्या खाऊच्या सदतीस रिकाम्या बाटल्या तिनं धुऊन ठेवल्याच होत्या. नट एकीकडे, बोल्ट एकीकडे, जाडीप्रमाणे, लांबीप्रमाणे. प्रत्येक बाटलीवर सुबक अक्षरात चिठ्ठी, घट्ट झाकण, आणि सगळ्या उंच फळीवर. रिकामे डबे धुऊन एकात एक बसवले, चिमटा कपड्यांच्या टोपलीत टाकला. जमीन पुसली. त्या चार तासांत ती कितीतरी दिवसांनी गुणगुणत होती.

सिरिल परत आला. दारातच टोपी काढून उभा राहिला.

“किती स्वच्छ झालंय,” तो म्हणाला.

“रागावलात, डॅड?”

“छे गं. पोरीच्या जिवापुढे काय आहे?” त्यानं एक बाटली उचलली, कानाशी हलवली, परत ठेवली. “चिमटा कुठाय?”

“टोपलीत असेल. दुसरा देऊ?”

“नको.” त्या दिवशी त्यानं चहा स्वयंपाकघरात बसून घेतला.

मार्टिन संध्याकाळी घरी आल्यावर हसला. “अगं, एकतीस वर्षं हेच केलंय त्यानं. डोळे बांधले तरी जोडेल. उगाच काळजी करू नकोस, हेझ.”

सिरिलनं डावं मडगार्ड चढवलं. दुसऱ्या दिवशी उतरवलं. परत चढवलं. तीन आठवडे हेच चाललं होतं. हेझलनं जुन्या पुस्तकांच्या दुकानातून त्या गाडीचं दुरुस्तीचं पुस्तक शोधून आणलं. त्यात पान पान चित्रं होती, प्रत्येक बोल्टला आकडा. सिरिलनं ते पाहुण्यांचे फोटो बघावेत तसं अदबीनं चाळलं.

“पुस्तक चांगलंय,” तो म्हणाला. “पण ह्यात ऑड्रीची सीट नाही.”

पुस्तकात नसलेले तुकडे हेझलनं निवडून टॉवेलवर मांडले. तेवीस भरले. सिरिलनं त्यातली एक बारीक कडी उचलली, उजेडात धरली, कडेवरून अंगठा फिरवला. त्याचा चेहरा उजळला.

“काय हात आहे बघ! कोणी बनवली गं?”

“तुम्हीच, डॅड,” ती म्हणाली. तो हसला, आपली थट्टा चाललीय असं वाटून.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्याला कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले. मग हेझलकडे वळून म्हणाल्या, “हा विसरण्याचा आजार दोनतीन वर्षांपासून असणार. घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?”

परतीच्या वाटेवर, बसमध्ये, सिरिल आपणहून बोलला. त्या दिवशी त्याचं डोकं लख्ख होतं. “ऑड्री रोज संध्याकाळी चहा घेऊन यायची. विचारायची, आज कुठपर्यंत? मी म्हणायचो, इथपर्यंत. मग ती त्या डब्याला चिमटा लावायची. सकाळी चिमटा काढायचा, पुढचा डबा उघडायचा. तो हातात आला की हाताला आपोआप कळायचं.” मग थोडं थांबून, “ती गेल्यावर मीच लावायचो. जमत होतं गं.”

“किती डबे राहिले होते, डॅड?”

“बावीस. आताशा आठवड्याला दोन व्हायचे.”

अकरा आठवडे. हेझल खिडकीबाहेर बघत राहिली. हा आजार आज ना उद्या येणारच होता, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. मार्टिनही तेच म्हणतो. तिलाही ते पटतं. आणि वॉशर लादीवर पडल्याचा आवाज आठवला की आपण दुसरं काय करणार होतो, असंही वाटतं. दाराला कडी लागली होती, हे त्यानंतर आठवतं. घरी आल्यावर वाळलेले कपडे काढताना टेसच्या मोज्याला लावलेला एक चिमटा तिला वेगळा दिसला. त्याला ग्रीसचे काळे ठसे होते, एक मोठा अंगठा आणि एक लहान. तिनं तो एप्रनच्या खिशात ठेवला. डब्याला लावायला नेला, तर डबे सगळे धुतलेले होते.

वसंत आला तेव्हा गाडीला तीन मडगार्ड होती आणि सीट एकच. सिरिल आता पुढच्या खोलीत खिडकीशी बसतो. टेस चालायला लागलीय. ती त्याच्या गुडघ्याला धरून उभी राहते, तो तिला “ऑड्री” म्हणतो. दोघंही खुशीत असतात.

क्लबच्या चिटणिसांनी हेझलला निरोप पाठवला, सिरिल यापुढे बैठकांना येणार नाहीत तर महिन्याच्या पत्रकासाठी दोन ओळी द्या, गाडीबद्दल. ती तीनदा गाडीबद्दल लिहायला बसली आणि तीनदा कागद फाडला. चौथ्यांदा जे लिहिलं ते छापून आलं, सुट्या भागांच्या जाहिरातींच्या खाली:

“गाडी विकायची नाही. दुसरी विनंती आहे. तुमच्या गल्लीत एखाद्या गॅरेजात कोणी म्हातारा माणूस एकटाच गाडी जोडत असेल, त्यातून त्याची बायको अलीकडे गेली असेल, तर त्याच्याकडे जाऊन या. पसारा आवरू नका. चहा न्या आणि विचारा, आज कुठपर्यंत? त्यानं गाडीकडे बघून सांगितलं तर चहा पिऊन घरी या. आधी डब्यांकडे बघितलं, तर बसा थोडा वेळ. तो सांगेल तसं सगळं लिहून घ्या, कुठल्या डब्यातलं काय कुठे जातं ते. पुढच्या शनिवारवर टाकू नका. आजच जा.”