मधला श्वास

अकरा महिन्यांनी तोकिए स्टुडिओत परतली, तेव्हा तिचं जांभळं आसन दाराजवळच्या आरशापुढे ठेवलेलं होतं.

रंगपटात कोण कुठे बसतं त्यावरून कुणाचं किती चालतं ते कळायचं. खिडकीकडचा शेवटचा आरसा सगळ्यांत मोठ्या नटीचा. तिथून दाराकडे येत येत माणूस लहान होत जायचं. दाराशी बसायच्या त्या गर्दीतल्या बायका, मोलकरणींच्या कामांवाल्या, आणि दार उघडलं की अंगावर येणारा वारा. खिडकीपाशी तोकिए सात वर्षं बसली होती. आज तिथे एकोणीस वर्षांची चिगुसा बसली होती आणि केशभूषा करणाऱ्या कुमेमावशी तिच्या डोक्यावर टोप चढवत होत्या.

‘‘सकाळ झाली का, ताई?’’ चिगुसा आरशातूनच म्हणाली.

दुपारचे दोन वाजले होते, पण स्टुडिओत माणूस येतं तेव्हा त्याची सकाळ. तेवढं चिगुसाने पाळलं. वळून, हात टेकून वाकायचं असतं, ते मात्र तिने खुशाल गिळलं. हीच मुलगी चार वर्षं तोकिएची हरकामी होती. छत्री धरायची, चपला सरळ लावायची, पायमोजे धुवायची.

‘‘माझं आसन कुणी हलवलं?’’

कुमेमावशींच्या तोंडात पिना होत्या. तोंडात पिना असल्या की मावशींना ऐकूही कमी यायचं.

‘‘मीच म्हटलं, हलवा,’’ चिगुसा म्हणाली. ‘‘ दाराशी बरं पडेल तुम्हाला, घरी पटकन पळता येईल. शिवाय इथे पावडरीला दुधाचा वास लागतो हो.’’

दाराजवळच्या बायका तोंडावर बाही धरून हसल्या. वर्तमानपत्रांत छापून आलं होतं की तोकिएच्या फुप्फुसाला विश्रांती हवी आहे, म्हणून ती समुद्राकाठी राहते आहे. खरं काय ते या खोलीतल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. तिची सहा महिन्यांची लेक मित्सु या वेळी तोकिएच्या थोरल्या बहिणीच्या घरी भाताची पेज थुंकत असणार. की रडत असेल? ताईने पेज गार करून घेतली असेल ना?

‘‘लागू दे वास,’’ तोकिए दाराशीच बसत म्हणाली. ‘‘पावडरीखाली माणूस आहे एवढं तरी कळेल. तुझ्याकडे पाहून ते कळत नाही.’’

निर्माते साकामाकी यांनी तिला चहाला बोलावलं. चहा आधीच ओतून गार झालेला होता.

‘‘तोकिएबाई, नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी लागायचाय हा चित्रपट. नावाड्याची पोर, ती चिगुसा. तिची आई, ते तुम्ही.’’

‘‘मी एकतीस वर्षांची आहे.’’

‘‘पडद्यावर पन्नाशीच्या दिसाल. कुमेमावशींवर सोडा ते.’’ त्यांनी सिगारेट पेटवली. ‘‘आणि गाणंही तुमचंच. म्हणजे गळा तुमचा, तोंड चिगुसाचं. तुम्हाला माहीतच आहे, ती गायला लागली की खालचा चहावाला उठून बघतो, कुठली कपबशी फुटली म्हणून.’’

‘‘आणि नाव?’’

‘‘पडद्यावर, तबकडीवर, सगळीकडे चिगुसाचं. म्हणून एक करायचं. तो तुमचा मधला श्वास नको.’’

मधला श्वास! पहिल्या गाण्यापासून तोकिए दुसऱ्या ओळीत, शब्द अर्धा असतानाच श्वास घ्यायची. गुरूंनी हातातला मिटलेला पंखा मारून मारून बोटं सुजवली, पण ती खोड गेली नाही. मग त्याच खोडीवर लोकांनी जीव टाकला. रेडिओवर तो श्वास आला की केस कापता कापता न्हाव्याची कात्री थांबायची, म्हणे.

‘‘नाही म्हटलं तर?’’

‘‘तर घरी बसा. करार अजून दोन वर्षांचा आहे. दुसऱ्या कंपनीचं दार ठोठावू नका, एकमेकांच्या माणसांना घ्यायचं नाही असं आम्ही सगळ्यांनी ठरवलंय.’’ ते गोड हसले. ‘‘आणि घरी बसून करणार काय? लेकरू सांभाळणार म्हणावं, तर वर्तमानपत्रांच्या हिशेबी तुम्हाला लेकरूच नाही.’’

तोकिएने गार चहा पिऊन टाकला. या गळ्यापलीकडे तिच्याजवळ काही नव्हतं, आणि त्यावरचं नाव आता पुसलं जात होतं.

ध्वनिमुद्रण झालं. बाळंतपणानंतर दम आखूड झाला होता. तिसऱ्या वेळेपर्यंत तो शब्द दर वेळी मध्येच मोडला आणि वादकांनी उसासे टाकले. चौथ्या वेळी तिने पोट पाठीला लावलं, डोळ्यांपुढे अंधारी आली तरी सोडलं नाही, आणि ओळ अखंड बाहेर आली. त्या जोराने छातीवरची जाळीच्या कापडाची घडी दुधाने भिजून किमोनोवर ओल उमटली.

‘‘साफ!’’ काचेपलीकडून ध्वनिमुद्रक ओरडला. ‘‘एक डाग नाही!’’

तोकिएने हात छातीशी घट्ट दुमडले आणि तशीच बाहेर पडली.

चित्रीकरणाच्या दिवशी स्टुडिओतल्या हौदात होडी सोडली होती. कर्ण्यातून तोकिएचा आवाज वाजायचा आणि होडीत उभ्या चिगुसाने ओठ हलवायचे. तोकिए पांढऱ्या केसांचा टोप घालून काठावर बसली होती; तिला नुसतं लेकीकडे मायेने बघायचं होतं. ते काम तिला त्या दिवसातलं सगळ्यांत अवघड वाटत होतं.

‘‘थांबा!’’ दिग्दर्शक ओरडले. ‘‘चिगुसा, आवाज चालू आहे आणि तू तोंड मिटतेस?’’

‘‘चुकलं. क्षमा करा.’’

पुन्हा कर्णा, पुन्हा दुसरी ओळ. अर्ध्या शब्दावर चिगुसाचे ओठ मिटले, डावा खांदा तसूभर वर गेला, हनुवटी उचलली. वर कर्ण्यातला आवाज मात्र न थांबता पुढे निघून गेला.

‘‘थांबा! तू गातेस की उचक्या देतेस?’’

सहाव्या वेळी प्रकाशयोजनेवालेही हसायला लागले. नवव्या वेळी चिगुसाने स्वतःचा खांदा हाताने दाबून धरला, तर हनुवटी दुप्पट उचलली गेली.

तोकिएला पहिल्याच वेळी कळलं होतं. तो खांदा तिचा स्वतःचा होता. ती हनुवटी तिची होती. या धंद्यात कुणी कुणाला शिकवत नाही, थोरल्या बाईकडे बघून बघून चोरायचं असतं. पायमोजे पिळता पिळता, छत्री धरता धरता, चिगुसाने चार वर्षं तेच केलं होतं. गळा चोरता आला नाही, म्हणून तिने श्वास चोरला. तो तिच्या हाडांत इतका मुरला होता, की आता वरून हुकूम सुटला तरी निघत नव्हता.

घरी मित्सु आईच्या तोंडाकडे टक लावायची आणि तशीच जिवणी करायची. तेव्हा तोकिए तिला उचलून घ्यायची. इथे तिच्या मनात फक्त एक थंड हिशेब सुरू झाला.

बाराव्या वेळी दिग्दर्शकांनी टोपी जमिनीवर आपटली. ‘‘साकामाकीसाहेब, ही पोरगी सुधारायची नाही. आवाज पुन्हा घ्या, हिच्या तोंडाला जुळेल असा!’’

साकामाकी काठाकाठाने तोकिएपाशी आले. ‘‘तोकिएबाई, उद्या परत म्हणा. श्वासासकट.’’

‘‘श्वास घेतला, तर गाव न् गाव ओळखेल.’’

‘‘बघू मग.’’

‘‘मग नको, आत्ताच बघू. पडद्यावर आणि तबकडीवर लिहायचं, आवाज तोकिए आसाबुकीचा.’’

‘‘लोक हसतील! नायिका उसन्या गळ्याने गाते म्हणून!’’

‘‘हसू देत. लिहिलं नाहीत, तर कंपनी चोर म्हणून हसतील.’’

‘‘मी दुसरी गायिका आणीन.’’

‘‘आणा की. चित्रपट लागायला बारा दिवस उरलेत. तिला फक्त एवढंच शिकवा, की श्वास माझ्या जागी घ्यायचा. गुरूंनी मारून माझा मोडला नाही, तुम्ही बारा दिवसांत तिला लावून दाखवा.’’

साकामाकींच्या कानशिलावरची शीर उडत होती. ‘‘आई झाल्यावर बाई मऊ पडते म्हणतात.’’

‘‘म्हणणारे पुरुष असतील. कागद आणा, आणि शिक्काही.’’

कागदावर लाल शिक्का उमटला तेव्हा चिगुसा होडीतून उतरून आली. किमोनोच्या टोकातून पाणी निथळत होतं, डोळ्यांतलं काजळ गालावर आलं होतं.

‘‘तुम्ही मुद्दाम केलंत! चार वर्षं मला मुद्दाम चुकीचं शिकवलंत!’’

‘‘मी तुला काहीच शिकवलं नाही. तू माझ्याकडे चपला उचलायला होतीस.’’

‘‘हा चित्रपट माझा आहे!’’

‘‘आहे ना. मी तर त्यात मध्यंतराआधीच मरते.’’

रंगपटात तोकिए दाराशीच टोप उतरवायला बसली. आज न बोलावता कुमेमावशी गरम पंचा घेऊन आल्या. बातमी तोकिएच्या आधीच रंगपटात पोचली होती.

‘‘आसन तिकडे खिडकीशी नेऊ का, तोकिएबाई?’’

‘‘राहू द्या. इथून आत कोण येतं ते आधी दिसतं. आणि मावशी, आज पिना कुठे गेल्या?’’

मावशी पंचा ठेवून परतल्या.

दुसऱ्या दिवशी ती घरूनच मित्सुला पोटभर पाजून निघाली. छातीवर जाळीच्या चार घड्या ठेवल्या. वादकांनी सूर लावले. तोकिएने ओबीच्या कमरपट्ट्यात खोचलेली शिक्क्याच्या कागदाची घडी चाचपली आणि काचेकडे पाहिलं. काचेपलीकडे ध्वनिमुद्रकाच्या मागे चिगुसा उभी होती. रडून सुजलेले डोळे, पण पापणी लवत नव्हती. नजर तोकिएच्या ओठांवर, मग खांद्यावर, मग पुन्हा ओठांवर. काल एवढं होऊनही चोरतच होती.

‘‘मायक्रोफोन फिरवून घ्या,’’ तोकिए म्हणाली.

‘‘कुठे?’’

‘‘भिंतीकडे.’’

दोन माणसांनी तो उचलून फिरवला. तोकिए काचेकडे पाठ करून उभी राहिली, शाल खांद्यांवरून गळ्यापर्यंत ओढून घेतली, आणि दुसऱ्या ओळीत, शब्द अर्धा असताना, आजवर घेतला नव्हता एवढा मोठा श्वास घेतला.