आठवा डबा

पोरं यायला अजून अवकाश होता, आणि मी पुन्हा ओटा पुसायला घेतला होता. ओटा स्वच्छच होता. एका जागी बसवत नाही हा माझा जुना आजार, त्या दिवशी तर पायाला भिंगरी लागली होती. छोट्या खुर्च्या सरळ कर, छोटे ॲप्रन झटक, काचेवर बोटांचे ठसे शोध. काचेपलीकडे आया बसणार होत्या.

चोंगजू शहरातल्या आमच्या वसाहतीच्या तळमजल्यावर माझं किमचीचं, म्हणजे आंबवलेल्या तिखट कोबीचं, दुकान होतं. बरं चालायचं. ते मोडून मी त्याच गाळ्यात मुलांच्या स्वयंपाकवर्गाची फ्रँचायझी घेतली. नवरा म्हणाला, "बंद गाडीतून लोक उतरतात, तू चालत्या गाडीतून उडी मारतेस." मी म्हटलं, "उडी मारायची अक्कल आधी असती तर मांडवातूनच मारली असती." तो हसला. मला हसू आलं नाही. आज पहिला वर्ग फुकट. पोरं शिकणार, आया बघणार, आणि घरी जाताना दारातच ठरवणार की नाव घालायचं की नाही. नाही घातलं तर वर्ग बंद, आणि परत किमची विकायला दुकानही नाही.

सगळा भरवसा सोल्बीच्या आईवर होता. ही बाई ज्या शिकवणीला पोरगी घालते तिथे अख्खी वसाहत पोरं घालते. एकदा तिने दातांच्या एका डॉक्टरला नाव ठेवलं, तर बिचारा दुसऱ्या गावी गेला.

मुख्य कचेरीतून पांग मॅडम देखरेखीला आल्या होत्या. त्यांनी गार खोक्यातून आठ डबे काढून माझ्यासमोर मांडले. चुसोकचा, सुगीच्या पौर्णिमेचा सण तोंडावर आलेला, म्हणून सोंगप्योन करायला शिकवायचं होतं. डब्यांत तेच होते, तांदळाच्या उकडीचे पाच रंगांचे अर्धचंद्र. सगळे एका मापाचे, एकालाही चीर नाही.

"हे कशाला?" मी विचारलं. "पोरं करणार आहेत ना?"

"करू देत की. वाफवायच्या वेळी तुम्ही पडदा ओढा. वाफ म्हणजे धोका, आयांना पटतं. पोरांना चित्रं रंगवायला बसवा. घरी जाताना हे डबे द्यायचे."

"आणि त्यांनी केलेले?"

"ताकबाई, सहा वर्षांच्या पोराच्या हातचे सोंगप्योन कधी पाहिलेत? ते आज्यांच्या ताटात जाणार आहेत. सुनेची लाज राखायची, की पोराची हौस?"

पिठाची परात त्यांच्या डोक्यावर उपडी करावी असं फार वाटलं. पण अडला हरी, गाढवाचे पाय धरी. मी डबे पडद्यामागे नेऊन ठेवले.

वर्ग मात्र रंगला. पोरांनी उकड मळली, नाकाला लावली, एकमेकांच्या केसांना पुसली. तीळ आणि साखरेचं सारण भरताना निम्मं पोटात गेलं. हान्ग्योल नावाचा एक गोलमटोल पोरगा सारखा ओरडत होता, "बाई, माझ्यात तीळच आहेत ना? घेवडा नको हं!" आमच्याकडे लहान पोर काय, म्हातारा माणूसही पहिला सोंगप्योन देवाचं नाव घेऊन फोडतो. आत तीळ निघाले तर सण, घेवड्याचं पुरण निघालं तर नशीब फुटकं. सोल्बी तेवढी गप्प होती. तिने जीभ बाहेर काढून प्रत्येक कड चिमटीने दाबली, आणि तरी तिची सगळ्यांत वाकडी झाली.

मग मी पडदा ओढला. पांग मॅडमनी एकेक ताटली उचलली आणि खरकट्याच्या बादलीत उलटी केली. ओल्या पिठाचा तो थप् आवाज मला अजून नकोसा वाटतो. मी अडवलं नाही. आठव्या ताटलीला त्यांनी हात घातला आणि पडद्याखालून सोल्बीचं डोकं आत आलं.

"माझे मी बघणार," ती म्हणाली. "मी हात नाही लावणार वाफेला."

ती हलेचना. तिच्यादेखत काय करणार? तिचे खरोखरच पाइनच्या पानांवर ठेवून वाफवावे लागले. पांग मॅडम माझ्या कानाशी फुसफुसल्या, "नेमकी हीच का?"

दारात डबे वाटले. आया खूश झाल्या, फोटो निघाले. हान्ग्योलला दम धरवेना. त्याने एक सोंगप्योन तोंडात कोंबला, आणि दुसऱ्या क्षणी हातावर थुंकला.

"घेवडा! मी तीळ भरले होते! हा माझा नाहीये!"

मग सगळ्यांनीच फोडून पाहिले आणि एकच रडारड झाली. मी डबे पडद्यामागे लपवले होते, पण त्यातला एकही सोंगप्योन फोडून पाहिला नव्हता.

हान्ग्योलच्या आईने त्याचं तोंड पुसलं आणि हसली. "बाई, एवढ्या पांढऱ्या कशाला पडता? सगळीकडे असंच असतं. चित्रकलेच्या बाईही शेवटचा हात स्वतःच फिरवतात. पुढच्या वेळी सारण तेवढं बघा."

पुढच्या वेळी! म्हणजे त्या येणार होत्या. मला इतका आनंद झाला की तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं. पोरं रडतच होती, पण मला ती तेव्हा ऐकूही येत नव्हती.

सोल्बीच्या आईने पेन उघडलं आणि नोंदणीच्या कागदावर वाकली. वाकताना तिला लेकीचा डबा दिसला. आत चिरा गेलेले, अंगठे उमटलेले, सारण गळणारे सोंगप्योन. सोल्बी त्यातलाच एक खात होती. तिळाचा पाक हनुवटीवर ओघळला होता.

"बाई, हिलाही तसला एक डबा द्या ना," तिने आवाज खाली आणला. "गेल्या साली सासूबाई सगळ्या जावांसमोर म्हणाल्या, हिचे सोंगप्योन म्हणजे बेडूक, म्हणूनच हिची पोरगी अशी. या वर्षी मी नातीच्या हातचे म्हणून ताटात ठेवीन. सोल्बी, तो टाकून दे."

खोटं नव्हती बोलत ती. सुंदर सोंगप्योन करणारीला सुंदर लेक होते, हे आमच्याकडच्या प्रत्येक सासूला पाठ असतं. मला तिची कीव आली.

पण सोल्बी रडली नाही. तिने डबा ॲप्रनखाली घातला, वर दोन्ही हात दाबून धरले, आणि आईकडे नाही, माझ्याकडे बघत राहिली.

पांग मॅडमनी तोवर आठवा डबा आणून माझ्या हातात दिलाही होता. "द्या ना, बघता काय!"

मी झाकण उघडलं. एक गुलाबी सोंगप्योन उचलला, अर्धा चावला आणि उरलेला परत डब्यात ठेवला. घेवडाच होता.

"हा उष्टा झाला, सोल्बीच्या आई," मी म्हणाले. "लेकीने केलेत तेच न्या."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मग पेनाला टोपण लावलं. तिच्यामागे रांगेत उभ्या असलेल्या आयांनीही आपापली पेनं पर्समध्ये टाकली.