बशीमागचं घोडदळ

चारकोपला खरात सरांच्या तळमजल्यावरच्या घरी दर रविवारी पाच-सहा जणांचं मंडळ जमायचं आणि लढाई व्हायची. प्लायवुडच्या पटावर निळ्या रंगाने काढलेली नदी, लाकडाची टेकडी आणि बोटाच्या पेराएवढे रंगवलेले शिशाचे शिपाई. लढाई असईची, म्हणजे सरांच्या गावाकडची, भोकरदनजवळची. दुसरी त्यांना चालायचीच नाही. शिंदे-भोसल्यांची फौज कायम सरांची, इंग्रज समोरच्याचे.

सर शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले होते, पण फळ्यासमोरची खोड गेली नव्हती. "लढाईत एकच क्षण असतो," ते बजावायचे. "इंग्रज अर्धा पाण्यात, अर्धा काठावर. तेव्हा घोडदळ घातलं की खेळ खलास. खऱ्या असईत आपलं घोडदळ बाजूला उभं राहून बघत बसलं, म्हणून वाट लागली." आणि पटावर ते नेमकं तसंच करायचे. टेकडीमागून घोडदळ काढायचे, फासे टाकायचे, आणि निमेशचे इंग्रज पाण्यात आडवे.

निमेश मनोरीचा कोळी. आई अजून मासळी विकते, हा अंधेरीला विमा कंपनीत. रविवारी बोटीने मार्वेला उतरून यायचा आणि हरून परत जायचा. हरणं एक वेळ चाललं असतं, पण सर चारचौघांत सोलून काढायचे. "तू मासेच मोज. तुझ्या डोक्याला तेवढंच झेपेल." सगळे हसायचे, निमेशही हसायचा, आणि बोटीत बसला की दातओठ खायचा. त्याला एकच हवं होतं. सरांना एकदा हरवायचं, आणि 'चांगला खेळलास' हे त्यांच्याच तोंडून ऐकायचं. एवढ्याशा गोष्टीसाठी माणूस किती खाली उतरतो, बघा.

मग सर विसरायला लागले. आधी चष्मा, मग डाव कोणाचा ते, मग माणसं. मंडळातले बाकीचे एकेक करून गळाले. विसरभोळ्या म्हाताऱ्यापुढे कोण डोकं फोडून घेणार? निमेश तेवढा टिकला. सरांच्या बायकोने, लताकाकूंनी, त्याला एकदा गेटपाशी गाठलं.

"तू येत जा रे बाबा. आणि जिंकू दे त्यांना. परवा नातीशी पत्त्यांत हरले, तर दिवसभर रडत होते. कशासाठी रडतोय ते पण आठवेना."

"काकू, हे काय सांगायला पाहिजे?" निमेश म्हणाला, आणि तेव्हा तो मनापासूनच म्हणाला.

पण पुढच्या रविवारी काकू विहारात वंदनेला गेल्या होत्या आणि घरात दोघंच होते. निमेशचे इंग्रज पाण्यात उतरले. सरांचं बोट पटावर हवेत थांबलं. "माझं काहीतरी आहे इथे," ते पुटपुटले. टेकडीमागे घोडदळ उभंच होतं. निमेशने चिवड्याची भरलेली बशी हळूच सरकवून सरांच्या आणि घोडदळाच्या मध्ये ठेवली.

"चिवडा घ्या ना सर."

सरांनी चिवडा घेतला. इंग्रज नदीपार झाले, सरांच्या तोफा पडल्या. "सर, हरलात," म्हणत निमेशने बशी उचलली.

"हे इथे होतं?" सरांनी घोडदळाला बोट लावून बघितलं. मार खाल्लेल्या पोरासारखे ते रडले, आणि निमेशला शाबासकी द्यायचं त्यांच्या मनातही आलं नाही. काकू येईपर्यंत तर सगळं पुसलं गेलं होतं. "मीच जिंकलो! हा कुठला जिंकतोय!" काकूंनी कौतुकाने निमेशच्या ताटात दोन भाकऱ्या जास्तीच्या वाढल्या. त्याने त्या खाल्ल्या.

विजय झाला होता आणि जगात कोणाला ठाऊक नव्हता. म्हणून त्याने पुढच्या रविवारी, काकू विहारात गेल्यावर, तो परत मिळवला. मग त्याच्या पुढच्या. तीच बशी, तोच चिवडा, तेच "हे इथे होतं?" सुरुवातीला तो शाबासकीची वाट बघायचा. नंतर नंतर त्याला ते पडलेलं तोंडच बघायला आवडायला लागलं. हे त्याचं त्यालाही कळत होतं.

एका रविवारी मात्र सर रडले नाहीत. पटाकडे बघून म्हणाले, "चांगला खेळलास."

उचललेली बशी हातात धरूनच निमेशने विचारलं, "खरंच, सर?"

"खरंच. नाव काय तुझं?"

"निमेश."

"अरे वा! आमच्याकडे पण एक निमेश येतो, मनोरीचा. खेळात शून्य." सर हसले. "पण मनाचा फार चांगला. मुद्दाम हरतो माझ्याशी. हिने सांगितलंय त्याला. मला काय कळत नाही?"

त्या दिवशी विहारातली वंदना लवकर आटोपली होती. लताकाकू पिशवी घेऊन दारातच उभ्या होत्या.

"कोण जिंकलं?" त्यांनी विचारलं.

"हा पाहुणा. माझं घोडदळ बशीमागे राहून गेलं बघ."

काकूंनी निमेशच्या हातातल्या बशीकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"काकू, ते..."

"ऊठ," काकू म्हणाल्या. "आणि परत येऊ नकोस."

"अगं, असं काय करतेस?" सर कळवळून म्हणाले. "जेवू दे की त्याला. निमेशच्या वाट्याचं वाढ. तो आपला माणूस आहे, तो काही म्हणायचा नाही."

काकूंनी दार उघडंच धरलं होतं.