फ्लॉपीचा हेवा करणारा डिसमिस

माझ्या मुठीवर दातांच्या खुणा आहेत, मित्रांनो. उंदराच्या नव्हेत, माणसाच्या. त्या कशा उमटल्या हे सांगायचे, तर माझ्याकडून घडलेले एक वाईट कामही सांगावे लागेल. ते मी आजवर कुणाला सांगितलेले नाही.

मी एक जुना डिसमिस आहे. शिकलेले लोक मला स्क्रू-ड्रायव्हर म्हणतात, पण मेकॅनिकच्या तोंडी आमचे नाव डिसमिसच. माझी दांडी पोलादी आणि मूठ लाकडी. मालेगावच्या यंत्रमागावर इकडून तिकडे धावून झिजलेला एक धोटा होता. त्याच्या लाकडातून हिरामणने माझी मूठ स्वतः तासली. तो तिथे मागांच्या मोटारी दुरुस्त करायचा. शेडमध्ये इतका खडखडाट असे की कानाने काही कळत नसे. मग तो माझे टोक मोटारीला टेकवायचा आणि मूठ दातांत घट्ट धरायचा. मोटारीची थरथर माझ्यातून त्याच्या दातांत आणि दातांतून डोक्यात जाई. "बेरिंग गेलं," तो म्हणे, आणि बेरिंगच गेलेले असे.

१९९४ साली आम्ही नाशिकला आलो. शालिमारजवळच्या एका गाळ्यात हिरामण कॉम्प्युटर दुरुस्त करू लागला. पहिल्याच आठवड्यात त्याची बायको झुंबरबाई म्हणाली, "शहरातली गिऱ्हाइकं हायेत ही. ते लाकूड तोंडात धरू नका. हाडूक चघळल्यासारखं दिसतं."

तेव्हापासून तो मला कानाला लावू लागला.

कॉम्प्युटरची सगळी माहिती हार्डडिस्क नावाच्या डबीत राहते. ती बिघडू लागली की आतून आवाज येतो. हिरामण ऐकून सांगायचा, "ही नुसती कुरकुरतेय, चालंल अजून." किंवा, "ही खडे दळतेय." किंवा, "ही कण्हतेय बघा. आधी आतलं सगळं दुसरीकडं उतरवून घ्या." देवळाली कॅम्पपासून मनमाडपर्यंतचे लोक कॉम्प्युटर घेऊन त्याच्याकडे येत. मी त्याच्या शर्टाच्या खिशात, छातीशी राहत असे. माझ्याइतका सुखी डिसमिस तेव्हा नाशकात नसेल.

मग १९९९ साली ती आली. माहिती साठवायची काळी, चपटी, चौकोनी फ्लॉपी. हिरामणची भाची प्रतिभा कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. ती दर रविवारी फ्लॉपी घेऊन येऊ लागली.

"मामा," ती म्हणाली, "तुम्ही जे ऐकता ते या प्रोग्रॅमला शिकवायचं. तो डिस्कचा कोपरा न् कोपरा वाचून बघेल, किती वेळ लागला ते मोजेल आणि तुमच्याच शब्दांत दुखणं सांगेल."

"इंग्रजीत नको बरं का. आपल्या मेकॅनिक लोकांना नाय कळत."

"मराठीतच. एकेक अक्षर ठिपक्यांनी काढतेय मी."

गाळ्यातल्या फळीवर चाळीसएक जुन्या डिस्क होत्या. प्रतिभा एकेक डिस्क सुरू करी. मी टेकून ऐकायचे, हिरामणने शब्द सांगायचा, प्रतिभाने त्या शब्दापुढे मोजलेला आकडा लिहायचा. कष्ट माझे, आणि सगळे जाऊन साठायचे त्या फ्लॉपीत! तिला प्लॅस्टिकचे पाकीट. तिच्यावर धूळ नको, तिला बोट लावू नका, तिच्याजवळ चुंबक आणू नका. आणि मी? माझ्या टोकाने चहावरची साय काढली तरी कुणाला काही वाटत नसे. हिरामण हल्ली मला कानावर फार जोरात दाबायचा, मध्येच कान बदलायचा. मला वाटले, याचे मन माझ्यावरून उडाले.

पडद्यावर काय उमटते तेही मला कळत नव्हते, कारण मी निरक्षर होतो. प्रतिभा अक्षर काढताना पुटपुटायची, 'क... ण...' मी चोरून पाहत राहिलो. म्हातारपणी, केवळ जळफळाटापायी, मी अक्षरे शिकू लागलो.

सहाव्या रविवारी शब्दांचा आणि आकड्यांचा तक्ता पुरा झाला. प्रतिभा हसून म्हणाली, "मामा, आता या डिसमिसला डिसमिस करा!"

झुंबरबाई हसली. हिरामणही हसला, जरा उशिरा, दोघींच्या तोंडाकडे पाहून. मला फक्त त्याचे हसणे दिसले.

दुसऱ्या दिवशी हिरामण आणि प्रतिभाला मनमाडला सावळीराम मेकॅनिकच्या दुकानात प्रोग्रॅम चालवून दाखवायचा होता. निघताना हिरामणने सवयीने माझे टोक जुन्या स्पीकरच्या चुंबकावर घासले. तसे केले की बारीक स्क्रू टोकाला चिकटून राहतात. मग मला खिशात खोचले. खिशात ती होती.

बसमध्ये माझे टोक तिच्यावर टेकले होते. चुंबकाने फ्लॉपी पुसली जाते हे मी प्रतिभाच्या तोंडून दहादा ऐकले होते. मला सरकता येत नव्हते, हे खरे. पण सरकावेसे वाटले नाही, हेही खरे. प्रत्येक खड्ड्याला मी तिला अधिकच चिकटत गेलो.

"हिरामणभाऊ, ही तर कोरी पाटी हाय!" सावळीराम म्हणाला. "ऱ्हाऊ दे तुझं ते यंत्र. लाव डिसमिस, सांग माझी डिस्क काय म्हणती."

मला वाटले, आला माझा दिवस. हिरामणने मला कानाला लावले. मग दुसऱ्या कानाला. मग टेबलावर ठेवले.

"पोरी, मला ऐकू येत नाय," तो हळूच म्हणाला. "दोन्ही कान वाहतात. जेवढं ऐकू येत व्हतं तेवढं त्या फ्लॉपीत घातलं व्हतं."

प्रतिभाचा चेहरा पडला. "प्रोग्रॅम आहे माझ्याकडे, मामा. पण तक्ता एवढ्या एकाच फ्लॉपीत होता."

मित्रांनो, तेव्हा मला कळले. ती माझी जागा घ्यायला आली नव्हती. हिरामणचे कान चालले होते आणि त्याच्यासाठी नवा कान तयार होत होता. तोच मी पुसला होता.

मग प्रतिभानेच मला उचलले. "मामी सांगते, मालेगावला तुम्ही हाडूक चघळायचात. चघळा की मग!" ती मोठ्याने म्हणाली आणि मला त्याच्या हातात दिले.

सावळीराम फिसकन हसला. हिरामणने त्याच्याकडे पाहिले, माझे टोक डिस्कला टेकवले आणि मूठ दातांत धरली. डोळे मिटले.

"कण्हतेय," तो दातांतूनच म्हणाला. "सावळ्या, हसू नको. आधी आतलं सगळं उतरवून घे."

पुन्हा सहा रविवार गेले. या वेळी प्रतिभाने तक्त्याच्या दोन नकला ठेवल्या. हिरामणने मला दातांत धरले, आणि मी एकही थरथर वाटेत सांडू दिली नाही. काम संपले त्या दिवशी पडद्यावर सगळ्यात वर ठिपक्यांची मोठी अक्षरे उमटली. मी ती लावून लावून वाचली. डि. स. मि. स. प्रतिभाने प्रोग्रॅमला माझे नाव दिले होते.

पुढची काही वर्षे ते नाव मनमाड-देवळालीच्या पडद्यांवर उमटत राहिले. मग नव्या कॉम्प्युटरना फ्लॉपीची खाचच राहिली नाही. आता आम्ही दोघे एका खणात आहोत. ती झुंबरबाईच्या डबीत, मी बाहेर. मला अजूनही तिचा हेवा वाटतो. डबीपुरता.

मित्रांनो, तुमच्या घरी जुने आणि नवे एकाच खिशात राहत असेल, तर जुन्याला अधूनमधून हातात घेत जा. त्याच्या टोकाला काय भरले आहे, ते वरून दिसत नाही.